लॅपटॉप आहे, तरी टॅब घ्यायचा का? आधी कागद-पेन घ्या!



"सर, धंद्यासाठी लॅपटॉप घेतलाय. आता सोबत एक टॅब पण घेऊ का?" हा प्रश्न जवळपास प्रत्येक बॅचमध्ये येतो. दसरा-दिवाळीच्या सेलच्या आधी तर हमखास. आणि गंमत म्हणजे विचारणाऱ्याचं बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं. त्याला माझ्याकडून फक्त एक 'हो' हवा असतो.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. धंद्याच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात असलेल्या बहुतेकांना टॅबची गरज नसते. पण काही धंदे असे आहेत, जिथे टॅब नसल्यामुळे रोज थोडं थोडं नुकसान होत असतं. आपण यातल्या कोणत्या गटात बसतो, हे रॅम, कॅमेरा आणि मॉडेल बघून कळत नाही. ते कळतं एका साध्या प्रश्नावरून: तुमचं रोजचं काम बसून होतं की उभ्याने? एकट्याने होतं की ग्राहकासमोर?

टॅब म्हणजे छोटा लॅपटॉप नव्हे

२०१० मध्ये पहिला आयपॅड बाजारात आणताना स्टीव्ह जॉब्जने मंचावरून हाच मुद्दा मांडला होता. फोन आणि लॅपटॉप यांच्या मधे तिसऱ्या वस्तूला जागा आहे का? असेल, तर काही ठरावीक कामं तिने या दोघांपेक्षा चांगली करून दाखवली पाहिजेत, नाहीतर तिला काही अर्थ नाही. म्हणजे विकणाऱ्यानेच घालून दिलेली कसोटी आहे ही. आपण खरेदी करताना मात्र नेमकी तीच विसरतो.

लॅपटॉप हे बसून करायच्या कामाचं यंत्र आहे. कोटेशन टाइप करणं, एक्सेलमध्ये हिशोब, टॅली, रिटर्न भरणं, मोठे ई-मेल. ही कामं टॅबवर ओढून आणायला गेलात की त्रास सुरू होतो. काही उदाहरणं बघा:

- टॅली हे विंडोजवर चालणारं सॉफ्टवेअर आहे. अँड्रॉइड टॅब किंवा आयपॅडवर ते थेट इन्स्टॉल होत नाही.
- डिजिटल स्वाक्षरीचा डोंगल, म्हणजे डीएससी, वापरायचा तर लॅपटॉप किंवा कॉम्प्युटरच लागतो. सरकारी टेंडर भरणाऱ्यांनी हे आधीच लक्षात ठेवा.
- मॅक्रो असलेली एक्सेल फाइल टॅबवर उघडेल, पण मॅक्रो चालणार नाहीत. शिवाय १०.१ इंचापेक्षा मोठ्या स्क्रीनवर एक्सेल किंवा वर्डच्या ॲपमध्ये नुसता बदल करायचा म्हटलं, तरी मायक्रोसॉफ्टचं पैसे भरून घ्यायचं सबस्क्रिप्शन लागतं.
- यूपीआय ॲपची नोंदणी सिम कार्डशी बांधलेली असते. वायफायवाल्या टॅबवर पेमेंट ॲप सुरू होईल, असं गृहीत धरू नका.

ही यादी टॅबला नावं ठेवण्यासाठी दिलेली नाही. "लॅपटॉप घरी ठेवीन आणि सगळं टॅबवरच करीन" हा बेत अनेकांचा का फसतो, एवढंच त्यातून लक्षात घ्या.

मग टॅबची खरी कामं कोणती?

माझ्या मते तीन.

पहिलं, दाखवणं. समजा तुम्ही मॉड्युलर किचनची कामं घेता. ग्राहकाच्या घरी ताई, दादा आणि सासूबाई, तिघांना एकाच वेळी डिझाइन दाखवायचंय. फोनवर तिघांची डोकी मावत नाहीत. लॅपटॉप ओट्यावर ठेवला, तर एकाला दिसतं आणि दोघं मागून वाकतात. तिथे दहा-अकरा इंची टॅब हातोहात फिरतो. सासूबाई स्वतः बोटाने फोटो मोठा करून बघतात. ग्राहकाच्या हातात वस्तू गेली, की बोलणं "किती घेणार?" वरून "हा रंग आपल्याला चालेल का?" वर येतं. विक्रीच्या दृष्टीने हा फरक छोटा नाही.

दुसरं, हाताने लिहिणं आणि खुणा करणं. साइटवर भिंतीचा फोटो काढला, त्यावरच पेनने माप लिहिलं, "इथे प्लग पॉइंट" अशी खूण केली आणि तिथूनच सुताराला पाठवलं. गणित शिकवणारे क्लासवाले, ड्रेस डिझायनर, लँडस्केपवाले, सगळ्यांचं हे रोजचं काम आहे.

तिसरं, उभ्याने नोंद करणं. कॅफेत टेबलापाशी उभं राहून ऑर्डर घ्यायची आणि ती थेट किचनला जायची. गोडाउनमध्ये फिरत स्टॉक मोजायचा. प्रदर्शनातल्या स्टॉलवर येणाऱ्यांची नावं-नंबर टिपायचे.

यातलं एखादं काम तुमच्या धंद्यात रोज होत असेल, तर पुढे वाचा आणि हिशोब करा. महिन्यातून दोनदा होत असेल, तर तुमचा फोन पुरेसा आहे. घरगुती फराळ, पोळीभाजी केंद्र, मसाले, अगरबत्ती, ऑनलाइन रीसेलिंग, या धंद्यांमध्ये ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते आणि हिशोब लॅपटॉपवर होतो. मधे टॅबला करण्यासारखं फारसं काही उरतच नाही.

किंमत फक्त बिलावरची नसते

समजा २५ हजारांचा टॅब पसंत केलात. मग कव्हर आलं, स्क्रीन गार्ड आलं. पेन सोबत नसेल तर तो वेगळा. टाइप करायचं असेल तर कीबोर्ड. बघता बघता ३० हजार होतात. स्वस्त पडतं म्हणून वायफाय मॉडेल घेतलंत, तर बाहेर प्रत्येक वेळी फोनचा हॉटस्पॉट चालू करा, म्हणजे दुपारपर्यंत फोनची बॅटरी खाली. भर उन्हात शेतावर किंवा बांधकामावर वापरायचा असेल, तर दुकानातल्या एसीत नव्हे, दुकानाबाहेर रस्त्यावर नेऊन स्क्रीन दिसते का ते बघा. आणि किती वर्षं सॉफ्टवेअर अपडेट मिळणार, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

पण खरा खर्च याहून वेगळा आहे, आणि तो कोणत्याच बिलावर छापलेला नसतो. तो म्हणजे अडकलेलं खेळतं भांडवल.

समजा तुमचा मसाल्यांचा धंदा आहे. ३० हजारांचा माल भरलात, तो महिन्यात विकला गेला आणि खरेदीवर २० टक्के सुटले. म्हणजे महिन्याला ६ हजार. तेच ३० हजार पाच महिने फिरले, तर ३० हजार सुटले, आणि मूळ ३० हजार अजून हातातच. टॅबमध्ये घातलेले ३० हजार मात्र पाच महिन्यांनी विकायला काढले, तर किती येतील? नव्या धंद्याला पैसा कमी पडतो तो नेहमी सणाच्या तोंडावर. ऑर्डर हातात असते आणि कच्चा माल आणायला पैसे नसतात. त्या दिवशी कपाटातला टॅब कामाला येत नाही.

"सर, नो-कॉस्ट ईएमआय आहे ना!" असंही लोक म्हणतात. नीट बघा. प्रोसेसिंग फी असू शकते, व्याजाच्या रकमेवरचा जीएसटी तुमच्याकडूनच घेतला जातो, आणि क्रेडिट कार्डची तेवढी मर्यादा अडकून राहते. अडीनडीला तेच कार्ड माल उचलायला लागणार असेल, तर हा ईएमआय फुकटचा नाही.

"टॅक्स वाचतो" हे कारण तपासून घ्या

टॅबवर १८ टक्के जीएसटी आहे. २३,६०० रुपयांच्या टॅबमध्ये २० हजार मूळ किंमत आणि ३,६०० जीएसटी. तुमची जीएसटी नोंदणी रेग्युलर योजनेत असेल, बिलावर तुमचा जीएसटी नंबर असेल आणि वापर धंद्यासाठी असेल, तर या ३,६०० चं क्रेडिट मिळू शकतं. त्यामुळे ऑनलाइन घेताना ऑर्डर देतानाच जीएसटी नंबर टाका. पण तुम्ही कंपोझिशन योजनेत असाल किंवा नोंदणीच नसेल, तर हे क्रेडिट मिळत नाही. आपल्यातले बरेच जण इथेच येतात.

इन्कम टॅक्सचंही तसंच. अंदाजित उत्पन्नाची योजना, जिला सगळे ४४एडी म्हणून ओळखतात, तिच्यात उलाढालीच्या ८ टक्के आणि डिजिटल व्यवहारांवर ६ टक्के एवढा किमान नफा धरून कर भरला जातो. खर्च आणि घसारा त्यात आधीच धरलेला असतो. म्हणजे टॅब घेतला काय, न घेतला काय, कर तेवढाच! आणि ज्यांचा कर खरंच वाचतो, त्यांनीही लक्षात ठेवा: काही हजार वाचवायला तीस हजार घालवणं याला बचत म्हणत नाहीत. तुमच्या बाबतीत काय लागू होतं, ते सीएला एक फोन करून विचारा.

आधी हे स्वस्त पर्याय बघा

बऱ्याचदा गरज खरी असते, पण तिचं औषध टॅब नसतं.

- ऑनलाइन शिकवताना फक्त लिहायचंय? लॅपटॉपला जोडायचा पेन टॅब्लेट, म्हणजे ग्राफिक पॅड, टॅबच्या किमतीच्या लहानशा हिश्श्यात मिळतो.
- टेबलावर दुसरी स्क्रीन हवीय? साधा मॉनिटर टॅबपेक्षा स्वस्त आणि मोठा पडतो.
- दुकानात बिलिंगच करायचंय? बरीच बिलिंग ॲप्स फोनवर चालतात. छोटा ब्लूटूथ प्रिंटर घ्या, बस.
- ग्राहकाला डिझाइन दाखवायचंय, पण महिन्याला चारच भेटी होतात? चांगला छापील कॅटलॉग करा. त्याला चार्जिंग लागत नाही.
- व्हॉट्सॲपवर दोघांनी उत्तरं द्यायची आहेत? एका नंबरला फोनशिवाय आणखी चार उपकरणं जोडता येतात. लॅपटॉप त्यातलंच एक.

आणि लॅपटॉप अजून घेतलाच नसेल, तर स्क्रीन उलटी दुमडणारा टचस्क्रीन लॅपटॉपही बघून घ्या. वजनाला जड असतो, पण दोन वस्तूंचा खर्च एकात येतो.

"पण सर, ग्राहकावर छाप पडते!"

पडते, नाही म्हणत नाही. पण छाप कशाची पडते ते बघा. टॅबवर ग्राहकाला त्याच्या कामाचं काहीतरी दिसलं, तर छाप पडते. नुसता टॅब हातात धरून "रेट नंतर पाठवतो" म्हणालात, तर तो विसरला जातो. साध्या फोनवरून त्याच संध्याकाळी स्वच्छ कोटेशन पाठवणारा कंत्राटदार, चार दिवसांनी टॅबवरून पाठवणाऱ्याच्या पुढे जातो. ग्राहक वेळ, माल आणि शब्द लक्षात ठेवतो.

अजून एक घरगुती मुद्दा. टॅब घरी आला की तो तुमचा राहतो का? रविवारी पोरं त्यावर कार्टून बघणार, सोमवारी ग्राहकासमोर बॅटरी ९ टक्के. धंद्यासाठी घ्यायचा असेल, तर तो धंद्याच्या बॅगेतच राहील, हे घरात आधी ठरवा.

१५ दिवसांची वही

आता कृती. आजपासून १५ दिवस एक छोटी वही खिशात ठेवा. "इथे टॅब असता तर बरं झालं असतं" असं वाटलं, की तिथल्या तिथे तीन गोष्टी लिहा:

१. काम काय होतं?
२. ते फोनवर किंवा लॅपटॉपवर का जमलं नाही?
३. त्यामुळे पैसे, ऑर्डर किंवा वेळ, नेमकं काय गेलं?

पंधरा दिवसांनी वही उघडा. पाच-सहाच नोंदी असतील आणि तिसरा रकाना रिकामा असेल, तर विषय संपला. पैसे मालात घाला. पण पंचवीस-तीस नोंदी असतील आणि तिसऱ्या रकान्यात खरी कामं गेलेली दिसत असतील, तर पुढचा हिशोब करा. किचनच्या एका कामात तुम्हाला १५ हजार सुटत असतील, तर ३० हजारांचा टॅब वसूल व्हायला दोन जास्तीची कामं लागतात. नेहमी मिळतात ती नव्हे, टॅबमुळे मिळालेली. ती सहा महिन्यांत येतील असं वही सांगत असेल, तर बिनधास्त घ्या. शक्य असेल तर आधी आठवडाभर कुणा नातेवाइकाचा टॅब मागून आणा आणि खऱ्या ग्राहकासमोर वापरून बघा.

घ्यायचा ठरला, की एकच नियम: धंद्याच्या नफ्यातून घ्या, मालाच्या पैशातून नको. नफा अजून तेवढा नसेल, तर थांबा. टॅब पुढच्या वर्षीही मिळेल, आणि कदाचित स्वस्त मिळेल. हातातली ऑर्डर मात्र पुढच्या वर्षापर्यंत थांबत नाही.

तर मित्रांनो, सेलची जाहिरात बंद करा, वही उघडा. पंधरा दिवसांनी तुमच्या वहीत किती नोंदी झाल्या, ते मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत हिशोबात राहा, धंद्यात राहा!