खिशाला परवडणारे पिस्तूल

अमेरिकेत खिशात मावेल आणि खिशालाही परवडेल असे पिस्तूल निवडणारा ग्राहक वजन, जाडी आणि दर पाहतो. या बाजारपेठेला आकार दिला तो १९६८ च्या शस्त्रनियंत्रण कायद्याने. त्याने छोट्या, स्वस्त परदेशी पिस्तुलांची आयात रोखली; देशी कारखान्यांना मात्र तो निकष लावला नाही. निर्बंध कसला, हे तर संरक्षणच! जस्ताच्या मिश्रधातूची पिस्तुले ओतणारे कॅलिफोर्नियातील कारखाने याच पोकळीत फोफावले. २००८ साली आलेले रुगर कंपनीचे 'एलसीपी' पाव किलोहून जरासेच जड. पण खाली पडल्यास गोळी सुटण्याचा संभव दिसल्याने त्याच वर्षी सुरुवातीची पिस्तुले परत मागवावी लागली. चाप झाकणारे म्यान आणि सरावाची काडतुसे यांचा खर्च दरपत्रकात नसतो, आणि काटकसरी ग्राहक नेमका तोच वाचवतो.