धुण्याचा हिशेब



विजेचं बिल हा सध्या आपल्या डोंबिवली-कल्याणच्या गटांच्या बैठकांतला पहिला विषय असतो. बचतीवर काहीतरी लिहा, असा त्यांचा आग्रह होता. म्हणून मी सल्ले गोळा करायला बसले आणि धुण्यापाशीच अडले. सल्ला फिरून फिरून एकच: मशीन कमी लावा, रोजचे कपडे हाताने धुवा, वीज वाचेल. वाचेल, खरंच. पण ती वीज जे काम करत होती ते काम कुठे गेलं? ते बाईच्या मनगटात, कमरेत आणि पहाटेच्या झोपेत गेलं. त्याचं बिल महावितरण पाठवत नाही, एवढंच.

तेव्हा हिशेब पुरता करू. साध्या थंड पाण्यात धुतलं तर मशीनची मोटर एका धुण्याला पाव युनिटाच्या आसपास वीज घेते. वीज खातं ते गरम पाणी. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला ०.६ युनिट लागतं, म्हणजे मोटरच्या दुपटीहून जास्त. आपल्या हवेत आजारी माणसाच्या चादरी किंवा बाळाची दुपटी सोडली तर गरम पाण्याची गरज नसते. गरम पाण्याचं बटण बंद ठेवा, मशीन पुरतं भरल्याशिवाय लावू नका. पावडर बेताची घाला. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छ हा जाहिरातींनी करून दिलेला समज आहे. फेस काढायला आणखी एकदा खळबळावं लागतं आणि पाणी जातं. बोअरिंगच्या जड पाण्यात साबणाला फेस येतच नाही, वडी झिजत राहते. तिथे डिटर्जंट परवडतं.

पावसाळ्यात दोऱ्या घरात येतात आणि पंखा रात्रभर चालतो. ७५ वॅटचा जुना पंखा आठ तासांत ०.६ युनिट घेतो, म्हणजे दोन धुण्यांची वीज. त्यापेक्षा मशीनमध्ये कपडे दोनदा पिळून घ्यावेत, त्याला फार थोडी वीज लागते. ओले कपडे इस्त्रीने वाळवणं सगळ्यांत महाग. एक लिटर पाण्याची वाफ करायलाही ०.६ युनिटच्या वरच लागतं. उन्हात वाळवणं फुकट, हे डोंबिवलीच्या एमआयडीसीजवळच्या बायकांना मात्र कोणी सांगू नये. २०१४ साली तिथे हिरवा पाऊस पडला, २०२० साली रस्ता गुलाबी झाला. हवेत काय असतं ते त्यांच्या दोरीवरच्या पांढऱ्या कपड्यांना ठाऊक आहे, आणि ते कपडे पुन्हा धुण्याची वीज, पाणी आणि मेहनत कुठल्याच कारखान्याच्या खर्चात धरली जात नाही.

बिलाचे टप्पे असतात. महिन्याला १०० युनिटांपर्यंत एक दर, त्यापुढच्या युनिटांना जवळजवळ दुप्पट. म्हणून काठावरच्या घराला दहा-पंधरा युनिटांचीही बचत जाणवते. पण त्या युनिटांसाठी आधी इस्त्री आणि गीझरकडे बघावं, मशीनकडे नंतर. इस्त्री १००० वॅटची असते. रोज कडक इस्त्रीचा शर्ट कोणाला लागतो, हा प्रश्न बचतीच्या याद्यांत मला अजून सापडलेला नाही.

आणि मशीन ज्यांच्याकडे नाही, किंवा असून चालत नाही? दिव्यात, २७ गावांतल्या अनेक चाळींत नळाला धारच नसते. ऑटोमॅटिक मशीन तिथे कपडे ठेवायचं कपाट होतं. पंधरा लिटरचा हंडा पंधरा किलोचा, तो जिन्याने वर न्यायचा, धुवायचं, शेवटचं खळबळलेलं पाणी लादीला आणि संडासाला राखून ठेवायचं. या बायकांना पाणी वाचवा म्हणून सांगायला जाणाऱ्याने आधी एक हंडा उचलावा. मृणालताई गोऱ्यांना लोक ‘पाणीवाली बाई’ म्हणत, कारण पाणी हा त्यांनी नगरपालिकेला विचारायचा प्रश्न केला होता.

बचतीची शहाणी गृहिणी हे चित्र कंपन्यांना मात्र फार आवडतं. ऐंशीच्या दशकात स्वस्त निरमाला उत्तर म्हणून सर्फने ललिताजी आणली. हिशेबी, चतुर बाई. २०१५ साली एरियलने पुरुषांना धुण्याचा भार वाटून घ्यायला सांगितलं. जाहिरात बरी होती, पण भार हलला का? केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं ते करताना आढळले. २०२४ मध्ये ते आकडे २८९ आणि ८८ झाले. दोघांचीही मिनिटं घटली, फरक जवळपास तेवढाच राहिला.

२०२५ मध्ये महावितरणने नव्या मीटरवर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेला सवलत जाहीर केली. त्या वेळेत आपल्यातल्या कितीजणी लोकलमध्ये किंवा मुंबईच्या ऑफिसात असतात! मशीनला वेळ लावून जाता येतं, पण कपडे वाळत घालायला घरात कोणीतरी लागतंच.

बचतीचा आणखी एक सोपा मार्ग ठाण्याच्या सोसायट्यांत सर्रास दिसतो. मशीन आलं की धुणंवाल्या बाईचं ‘कपड्यांचं काम’ कापायचं. भांडी आणि लादी तेवढी ठेवायची. तिचा महिन्याचा पगार एका दिवसात कमी होतो. २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा कल्याणाचं बोलतो, पगाराचा दर ठरवून देत नाही. आपण जिथे मालकीण आहोत तिथे हे काम कापण्याआधी तिच्याशी बसून बोलावं, वाळत घालणं, घड्या, इस्त्री यांचे पैसे ठरवावेत. घड्या घालणं हे काम आहे, हे मशीन घेणाऱ्या घरांत सर्वांत आधी विसरलं जातं.

पुढच्या अंकासाठी प्रत्येक गटाने एका आठवड्याची नोंद पाठवावी. मीटरचे आकडे लिहाच, त्याशेजारी भिजवलं कोणी, पिळलं कोणी, वाळत घातलं कोणी, घड्या कोणी घातल्या आणि किती मिनिटं लागली, तेही लिहा. घरातल्या पुरुषांचा रकाना रिकामा राहिला तर तो तसाच पाठवा, भरून काढू नका.