गिरिशिखरांवरील छावण्या

सिमल्याला जाणारा पर्यटक मॉल रोडवर फिरतो, चर्चसमोर छायाचित्र काढतो आणि परततो. वाटेवरची कसौली, डगशाई, सुबाथू ही नावे त्याला फलकांपुरतीच ठाऊक. १८१५ मध्ये गुरख्यांचा पराभव झाल्यावर इंग्रजांनी या डोंगरांत पाय रोवले. सुबाथूला पलटण बसली, १८४२ साली कसौलीला आणि १८४७ साली डगशाईला छावणी झाली. सिमला उन्हाळी राजधानी ठरला तो त्यानंतर, १८६४ मध्ये. विलासाला पहारा आधी लागतो!

तो पहाराच मे १८५७ मध्ये डळमळला. सिमल्यालगतच्या जुतोगमधील नसिरी पलटणीने कूच करण्यास नकार दिला, कसौलीच्या गुरखा पहारेकऱ्यांनी खजिना ताब्यात घेतला आणि नुसत्या वार्तेने सिमल्यातील गोरी कुटुंबे दऱ्याखोऱ्यांत पळाली. सवलती देऊन पलटण शांत करण्यात आली, हे खरे; परंतु साहेबाच्या उरातील धडकी खोटी नव्हती. डगशाईच्या तुरुंगात तर १९२० मध्ये बंडखोर आयरिश सैनिक जेम्स डेली यालाही गोळ्या घालण्यात आल्या.

२०२३ मध्ये हिमाचलातील योलची छावणी म्हणून असलेली अधिसूचना रद्द झाली. इतर छावण्यांच्या नागरी वस्त्याही पालिकांकडे सोपविण्याचे धोरण आहे. साहेबांचे बंगले टिकतील, त्यांना गिऱ्हाईक आहे. जुतोग-कसौलीच्या १८५७ च्या स्मृतींचा सांभाळ कोणी करावयाचा, हे मात्र हस्तांतराच्या कागदांतच लिहिले गेले पाहिजे.