झोपेची गोळी आणि आजीचे पाय

आमच्या चाळीतील एक आजी गेल्या पावसाळ्यात पहाटे मोरीकडे जाताना पडल्या. खुब्याचे हाड मोडले. जो तो म्हणे, वय झाले, पाय लटपटणारच. मी त्यांचा औषधांचा डबा उघडून पाहिला (कारकुनाला कागद चाळायची खोड!). डब्यात डायझेपामची पाकिटे, आणि चिठ्ठी तीन वर्षांपूर्वीची. मुलगा वारला तेव्हा डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली गोळी आजी रोज घेत होत्या.

ही गोळी डोके शांत करते एवढेच आपण जाणतो. पण ती मज्जारज्जूवरही काम करते आणि स्नायू सैल सोडते. धनुर्वातात ताठलेले अंग मोकळे करायला डॉक्टर हेच औषध वापरतात. स्नायू दुबळे करणारा मायस्थेनिया हा आजार असेल तर ती टाळायला सांगतात. म्हाताऱ्या शरीरातून ती लवकर बाहेर पडत नाही. कालची उतरली नाही तोच आजची वर चढते. मग रात्री उठले की गुडघ्यात बळ नाही.

अमेरिकेत वेन रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली ६५ वर्षांवरील, खुब्याचे हाड मोडलेले १,०२१ रुग्ण तपासले व ५,६०६ इतर वृद्धांशी ताडून पाहिले. अंगात दीर्घकाळ राहणाऱ्या अशा गोळ्या घेणाऱ्यांत हाड मोडण्याचे प्रमाण १.८ पट निघाले. लवकर उतरणाऱ्या गोळ्यांत तेव्हा धोका दिसला नव्हता; पुढच्या काही अभ्यासांत मात्र त्याही निर्दोष ठरल्या नाहीत.

आपल्याकडे मार्च २०१४ पासून डायझेपाम, अल्प्राझोलाम यांसारख्या गोळ्या एच-१ यादीत आहेत. औषधवाल्याने रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षे ठेवायची असते. आजींना जुन्याच चिठ्ठीवर गोळी मिळत राहिली, तिथे कसली वही!

हे ऐकून आजींच्या मुलीने उरलेल्या गोळ्या केरात टाकल्या. मी त्या परत काढायला लावल्या. रोजची सवय झालेली गोळी एकदम सोडली तर अंगाला कंप सुटतो, फिटही येऊ शकते. ती डॉक्टरांच्याच देखरेखीखाली हळूहळू कमी करावी लागते.

आजींची गोळी दर पंधरवड्याला थोडी थोडी कमी झाली. आता त्या काठी धरून मोरीपर्यंत जातात. सूनबाई रात्री दिवा चालू ठेवते. झोप अजून तुटक आहे. मग दोघी पहाटेच चहा करून बसतात.