वाळूची भर कोणासाठी?

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात सॉल्सबरी येथील समुद्रकाठच्या घरमालकांनी २०२४ च्या मार्चमध्ये वर्गणी काढून सुमारे सहा लाख डॉलर जमविले आणि हजारो टन वाळू आणून आपल्या घरांपुढे पसरली. काम पुरे होऊन तीन दिवस लोटतात न लोटतात तोच वादळ आले आणि त्यातली बरीचशी वाळू घेऊन गेले. पैसा त्यांचा स्वतःचा होता. तेव्हा हळहळण्यापलीकडे इतरांना बोलण्याचे कारण नाही. परंतु हाच खेळ सरकारी तिजोरीच्या जिवावर मांडला जातो, तेव्हा हिशेब मागावाच लागतो.

फ्लोरिडातील मायामी बीचचे उदाहरण बोलके आहे. हॉटेलवाल्यांनी ऐन पाण्याच्या काठाशी इमारती उठविल्या आणि त्यांच्या रक्षणासाठी भिंती घातल्या. त्यातच उत्तरेला १९२५ साली हॉलोव्हरचे खाडीमुख उघडले गेले आणि दक्षिणेकडे सरकत येणाऱ्या वाळूचा ओघ अडला. १९७० च्या सुमारास कित्येक ठिकाणी पुळण नावालाही उरली नव्हती. मग लष्कराच्या अभियंता दलाने १९७६ ते १९८१ या काळात समुद्रतळ उपसून सुमारे एक कोटी घनमीटर वाळू काठावर टाकली. खर्च सहा कोटी डॉलरांहून अधिक झाला. सरकारी पैशाबरोबर किनारा सर्वांना खुला ठेवण्याची अट आली आणि हॉटेलांनी अडविलेली जागा सामान्य माणसालाही मिळाली, हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे. ती भर इतरत्रच्या मानाने पुष्कळ टिकलीही. पण टिकली म्हणजे काय, तर अधूनमधून नव्याने वाळू ओतावी लागली. गेल्या दशकात त्या परगण्याच्या समुद्रातील उपसण्याजोगी वाळू संपली आणि राज्याच्या अंतर्भागातील खाणींतून ट्रक भरून वाळू आणण्याची वेळ आली!

झीज का होते, याचे उत्तर या उपायात नाही. ओघ अडविणारे बांध जागेवर राहतात, समुद्राची पातळी चढत राहते आणि लाटा टाकलेली वाळू पहिल्या दिवसापासून खोल पाण्याकडे व आजूबाजूला नेऊ लागतात. बारीक वाळू तर अधिकच लवकर जाते. वाळूत राहणारे खेकडे आणि शिंपले भरावाखाली गाडले जातात. उपशाचा गाळ प्रवाळांवर बसतो. घट्ट दबलेल्या भरावात कासविणींना अंड्यांसाठी खड्डा खणणे जड जाते. आणि काठ सुरक्षित झाल्याच्या समजुतीने तेथे आणखी घरे उठतात. फ्लोरिडात भर घातलेल्या पट्ट्यांतील घरे इतर पट्ट्यांपेक्षा मोठी असल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. अशी घरे वाढली की पुढच्या भरावाची मागणीही वाढते. मालमत्ता खाजगी आणि तिची राखण सार्वजनिक, असा हा व्यवहार आहे.

भारतातील पुदुच्चेरीचा अनुभव याहून कडू आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथे बंदराचे दोन बांध झाले आणि दक्षिणेकडून उत्तरेला जाणारी वाळू त्यांच्यामागे साचू लागली. अडलेली वाळू पंपाने पलीकडे टाकण्याची तरतूद मूळ आराखड्यात होती. ती नियमितपणे पाळली गेली नाही. शहरापुढची पुळण गेली, तेव्हा दगडांची भिंत घातली आणि झीज उत्तरेच्या कोळीवस्त्यांकडे सरकली. पुढे २०१८ च्या सुमारास चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने शहरासमोर पाण्याखाली बांध घातला, वाळूची भर दिली आणि पुळणीचा काही भाग परत आला. पर्यटक तेथे फिरू लागले. ही विद्या टाकाऊ आहे असे कोणी म्हणणार नाही. पण तिचा लाभ आधी कोणाला द्यायचा, हे अभियंता ठरवीत नाही. निसर्गाने फुकट पुढे जाणारी वाळू आधी अडवायची आणि मग पैसे मोजून तीच आणायची, हा उलटा कारभार ज्यांनी केला त्यांच्या घरांना लाटा लागल्या नाहीत. उत्तरेच्या कुप्पमांत होड्या ओढून ठेवायच्या जागी धोंडे पडले आहेत, आणि जाळी वाळवायला वाळू उरलेली नाही.