बंदीआधी मशवरा हवा

शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवसांत आगरदांड्याच्या जेटीकडे मोटारींची रीघ लागते. जंजिरा पाहून दिवेआगर-श्रीवर्धनकडे निघालेला पर्यटक येथूनच जंगलजेटीने खाडी ओलांडून दिघीला उतरतो. रस्त्याने जावे तर मोठा वळसा पडतो. ज्या रस्त्याने या मोटारी येतात, त्याच रस्त्याने शाळेची मुले, मासळीच्या टोपल्या, दवाखान्याला निघालेली रिक्षा आणि आमच्या कापडाच्या गाठी जातात. तेव्हा गावात गर्दीच्या वेळी वाहनांवर निर्बंध असावेत, या मागणीला आमचा विरोध नाही. आमचा सवाल एवढाच, की निर्बंध ठरविताना विचारणार कोणाला?

‘दिवसा मालवाहू गाड्यांना बंदी’ हे वाक्य कागदावर लिहायला सोपे आहे. परंतु टेम्पो रात्री आला तर हमाल मिळत नाही, मिळाला तर जादा मजुरी मागतो. माल गावाबाहेर उतरविला तर हातगाडीचा खर्च चढतो आणि पावसाळ्यात गाठ भिजते ती वेगळीच. हा बोजा शेवटी गिऱ्हाइकाच्या खिशावर पडतो. शिवाय मे महिन्यात मुंबईकर गावी येतात, लग्ने होतात, कापड खपते. पर्यटकांची गर्दीही त्याच महिन्यात. म्हणजे सरसकट बंदी नेमकी आमच्या हंगामावर येणार.

कायदा काय म्हणतो, हे व्यापारी बंधूंनी समजून घ्यावे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ प्रमाणे सार्वजनिक सुरक्षितता वा सोयीसाठी वाहनांवर निर्बंध घालता येतात. निर्बंध एक महिन्याहून अधिक काळाचा नसेल तर राजपत्रात प्रसिद्धीची गरज नाही. स्थानिक पातळीवर जाहीर करणे पुरते. कलम ११७ प्रमाणे वाहने उभी करण्याच्या जागा स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवायच्या असतात. म्हणजे ग्रामपंचायतीच्या ठरावाला वजन आहे. शहरातील फेरीवाल्यांना २०१४ च्या कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा मिळाल्या. खेड्यातील दुकानदाराला, कारागिराला तशी समिती नाही. त्याच्यासाठी ग्रामसभा हीच जागा.

सल्लामसलतीशिवाय काय होते, हे आपल्याच जिल्ह्यातील माथेरानने दाखविले. तेथील मोटारबंदी जुनी. २००३ च्या पर्यावरण संवेदनक्षेत्राच्या अधिसूचनेने ती आणखी पक्की झाली. गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. हवा स्वच्छ राहिली, ही चांगलीच गोष्ट. पण पुढचे ओझे घोड्यांवर आणि माणसांवर पडले. माणसाने माणूस ओढण्याची हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असे ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावे लागले. बंदीचे ओझे कोण वाहणार, हे आधी ठरले असते तर इतकी वर्षे गेली नसती.

म्हणून आमच्या सूचना अशा : पहिला निर्बंध एका महिन्यापुरताच, अजमावण्यासाठी असावा. सकाळी माल उतरविण्यास दोन तासांची ठरलेली मुभा असावी. जेटीसाठी थांबलेल्या मोटारींना गावाबाहेर जागा द्यावी, जेणेकरून दुकानासमोर रांग लागणार नाही. रुग्ण, मासळी आणि बर्फ यांना सदैव वाट मोकळी असावी. महिना संपल्यावर दुकानदार, रिक्षावाले, मच्छीमार व महिला यांना बोलावून पुढचा निर्णय व्हावा.

हे सारे तोंडी सांगून चालणार नाही. नाक्यावरची तक्रार नाक्यावरच विरते. किती गाठी येतात, कोणत्या वेळी येतात, उतरायला किती मिनिटे लागतात, याची आठवड्याची नोंद करून अर्जाला जोडावी आणि अर्जाची पोच घ्यावी. मच्छीमार बांधवांची गरज आपल्याहून वेगळी असेल. त्यांच्याशी आधी बसून बोलावे, म्हणजे सभेत दोन गट पडणार नाहीत.

रेवस-रेड्डी सागरी महामार्गाच्या आखणीत आगरदांडा-दिघी खाडीपूलही आहे. तो झाला की रहदारीचे रूप बदलेल आणि नवे नियम येतील. तेव्हा घाईने धावण्यापेक्षा आजच मशवऱ्याचा रिवाज पाडलेला बरा. ग्रामसभेच्या दिवशी दोन तास दुकान बंद राहिले तर घाटा थोडा होईल. आपल्याला न विचारता ठरलेल्या नियमाचा घाटा रोज सोसावा लागेल.