अनामत कोणाची, व्याज कोणाचे?

शहरांतून नळाचा गॅस घरोघर पोहोचू लागल्यापासून अनेक स्वयंपाकघरांत जुना सिलिंडर कोपऱ्यात पडून राहिला आहे. तो भंगारात विकण्याचा मोह काहींना होतो. परंतु सिलिंडर ग्राहकाच्या मालकीचा नसतो. तो तेल कंपनीचा असतो. शिवाय ‘रिकाम्या’ सिलिंडरातही थोडा वायू उरतो, आणि हवेहून जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. तेव्हा सिलिंडर, रेग्युलेटर व जोडणीची मूळ पावती वितरकाकडे नेऊन जोडणी रीतसर बंद करावी आणि अनामत परत घ्यावी, हाच योग्य मार्ग होय.

येथेच अर्थशास्त्राचा प्रश्न उपस्थित होतो. १४.२ किलोच्या सिलिंडरची अनामत जून २०२२ मध्ये १४५० रुपयांवरून २२०० रुपये झाली. जुन्या ग्राहकाला मात्र पावतीवरील जुनीच रक्कम मिळते, तीही बिनव्याजी. मी स्वतः जोडणी बंद केली, तेव्हा हाती आलेल्या रकमेत एक भरलेला सिलिंडरही आला नसता. कंपनी सिलिंडरची चाचणी व देखभाल करते, हे मान्य. पण कोट्यवधी कुटुंबांनी वर्षानुवर्षे दिलेले हे बिनव्याजी कर्जच नव्हे काय? चलनवाढीची झीज एकट्या ग्राहकानेच का सोसावी?

अनामतीवर निदान बचत खात्याइतके व्याज मिळावे, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. तोवर कार्यकर्त्यांनी आपापल्या वस्तीतील वृद्धांना आणि एकट्या स्त्रियांना पावती शोधण्यापासून पैसे हाती पडेपर्यंत साथ द्यावी. रक्कम लहान असेल. हक्क लहान नाही.